बॅकस्पेस आणि डिलीट: मराठी टाईप करताना दोन्ही सारख्या नाहीत

बॅकस्पेस कर्सरच्या डावीकडचं पुसते आणि डिलीट उजवीकडचं, इंग्रजीत एवढं माहीत असलं की भागतं. युनिकोड मराठीत (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) मात्र फरक फक्त दिशेचा नाही, एका दाबात किती पुसलं जातं याचाही आहे, आणि नेमकं हेच कोणी शिकवत नाही.

आपल्या नागपूरचाच शब्द घ्या, बर्डी. दिसायला दोन अक्षरं, पण कॉम्प्युटरकडे पाच तुकडे: ब, र, हलंत (पाय मोडायचं चिन्ह), ड आणि दीर्घ वेलांटी. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबा, फक्त वेलांटी जाते, बर्ड उरतं. परत दाबा, ड जातो, रफार खाली उतरतो आणि पायमोडका र दिसायला लागतो: बर्. अजून एकदा दाबलं की हलंत गेला, राहिलं बर. आता शब्द पुन्हा पूर्ण लिहा, कर्सर ब च्या लगेच पुढे आणा आणि वर्डमधे डिलीट एकदाच दाबून पाहा, र्डी अख्खंच्या अख्खं गायब!

काहून असं? तर बॅकस्पेस आपण बहुतेक वेळा टाईप करता करताच दाबतो, काना ऐवजी वेलांटी पडली तर तेवढीच काढायची असते, त्यासाठी अख्खं जोडाक्षर उडवणं बरोबर नाही, म्हणून ती शेवटचा तुकडा काढते. डिलीटच्या पुढे मात्र आधीच तयार झालेलं अक्षर असतं, त्यातला पहिला तुकडा काढला तर हलंत आणि मात्रा लोंबकळत राहतील, म्हणून ती डोळ्याला दिसणारं पूर्ण अक्षर उचलते. मला ही विभागणी अगदी योग्य वाटते.

अडचण ही आहे की पूर्ण अक्षर कुठं संपतं यावर सगळे एडिटर एकमत नाहीत. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचं हे २०२३ मधे, १५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे जुन्या नियमावर चालणाऱ्या प्रोग्रॅममधे डिलीट र्डी चे दोन भाग करून आधी र् आणि मग डी पुसू शकते.

कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर हात बसलेल्यांना हे जास्त खटकतं, कारण त्या फॉन्टमधे रफार, वेलांटी सगळे सुटे आकार, दोन्ही की एकेक आकारच पुसतात.

लिनक्सच्या टर्मिनलमधला, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीतला, घोळ वेगळा. तिथं बॅकस्पेस बहुतेक वेळा कोड १२७ पाठवते, ज्याचं आस्की या जुन्या कोड-तक्त्यातलं नावच डीईएल (डिलीट) आहे, तर काही सेटिंगमधे ८ पाठवते, म्हणजेच कंट्रोल-एच, आणि ईमॅक्स या एडिटरमधे कंट्रोल-एच म्हणजे हेल्प, म्हणून पुसायला जावं तर हेल्प उघडते. मॅकवर डिलीट लिहिलेली की खरं तर बॅकस्पेसचं काम करते, पुढचं पुसायला एफएन धरून दाबावी लागते.

रोजच्या कामात एवढं करा: अर्जात वर्धा च्या जागी वर्धी पडलं असेल तर कर्सर र्धी च्या नंतर ठेवा, एकदा बॅकस्पेस, मग काना. र्धी च्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबली तर रफारासकट सगळं परत टाईप करावं लागेल.