जबड्याची जुळणी व दंतप्रतिस्थापन (प्रौढांतील)

वरचा व खालचा जबडा एकमेकांवर नीट बसत नसल्यास तो दोष दूर करणे आणि पडलेल्या दातांच्या जागी नवे दात बसविणे, या दोन उपचारांचा येथे एकत्र विचार केला आहे; प्रौढांत पुष्कळदा दोन्ही एकाच तोंडात करावे लागतात. कोल्हापूर भागात पहिल्याला सरसकट ‘तारा लावणे’ म्हणतात. तारांनी दात सरकतात, जबडा नव्हे.

वाढत्या वयात जबड्याच्या वाढीला वळण देता येते. वाढ थांबल्यावर (मुलींत साधारण 16, मुलांत 18 वर्षांनंतर) दोनच मार्ग उरतात. फरक थोडा असल्यास उपदाढा (सुळे व दाढा यांमधील दात) काढून मिळालेल्या जागेत पुढचे दात मागे घेतात. दोष झाकला जातो इतकेच. फरक मोठा असेल, पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडाही तुटत नसेल, तर हाड कापून जागेवर आणावे लागते. खालच्या जबड्यासाठी ट्राउनर व ओबवेगेसर या शल्यचिकित्सकांनी 1957 मध्ये मांडलेली पद्धत, पुढील सुधारणांसह, आजही रूढ आहे : जबड्याची मागची शाखा तोंडाच्या आतूनच उभी चिरायची, दातांचा भाग पुढे वा मागे सरकवायचा आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी जोडायचा. खालच्या ओठाची संवेदना वाहणारी नस याच हाडातून जाते. म्हणून ओठ काही काळ, काहींत कायमचा, बधिर राहतो. शस्त्रक्रियेआधी वर्ष-दीड वर्ष तारा लावून दात आपापल्या जबड्यात सरळ करतात. या काळात चेहऱ्यातील दोष उलट अधिक ठळक दिसतो, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे.

सुश्रुतसंहितेत निखळलेला जबडा शेकून, जागेवर बसवून ‘पंचांगी’ (पाच पट्ट्यांचा) बंध बांधण्यास सांगितले आहे. त्याला या शस्त्रक्रियेचा पूर्वज ठरविण्याचा मोह टाळावा; तेथे विषय सांध्याचा आहे.

दात बसविण्याचे प्रकार तीन : कवळी, शेजारचे दात घासून त्यांवर बसविलेला ब्रिज आणि रोपण (जबड्याच्या हाडातच कृत्रिम मूळ बसवून त्यावर दात लावणे). ‘कवळी’ विड्याच्या पानांचीही असते. शब्दाचे नाते ‘कवळ’ (घास) पेक्षा ‘कवळणे’शी लावणे अधिक सयुक्तिक वाटते.

रोपणाचा आरंभ वादग्रस्त आहे. होंडुरासमध्ये 1931 साली सापडलेल्या, इ. स. 600 च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या, माया संस्कृतीतील जबड्याच्या तुकड्यात खालच्या पुढच्या दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे आहेत. ते मृत्यूनंतर बसविले असावेत, असा समज होता. 1970 मध्ये संशोधक बॉबियो यांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत दोन तुकड्यांभोवती हाड भरलेले दिसले. त्यामुळे ते जिवंतपणी बसविले, हे मत ग्राह्य धरण्यास हरकत नाही. फ्रान्समधील शांताम्ब्र येथील रोमनकालीन लोखंडी दाताबाबत (प्रसिद्धी 1998) तितकी खात्री देता येत नाही. तो खरा दातच असावा, असाही आक्षेप आहे. आधुनिक पद्धत स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांची. 1952 च्या सुमारास सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण निघेना, यावरून हाड या धातूला धरते हे त्यांच्या ध्यानात आले. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर रोपण केले.

नैसर्गिक दात व हाड यांच्यामध्ये तंतूंचा पदर असतो, म्हणून दात सरकतो. रोपणाला तो नसतो. एकदा बसले की जागचे हलत नाही. त्यामुळे क्रम आधी जुळणी, मग रोपण असाच ठेवतात. घाईने उलटा क्रम केल्यास रोपण वाटेत आडवे येते. हाडाने रोपण धरण्यास खालच्या जबड्यात साधारण तीन, वरच्यात सहा महिने देण्याची मूळ प्रथा आहे. अलीकडे ती सैल झाली आहे. शेवटी निळा कागद चावायला देऊन टोचणारी जागा घासतात.

कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. शहरात राजारामपुरीसारख्या भागांत खासगी दवाखाने आहेत. तंबाखूमुळे रोपण अयशस्वी होण्याचा धोका वाढतो. मावा-गुटख्याने गाल आखडलेल्या रुग्णाच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत. अशा वेळी माप घेण्याचा साचाच आत शिरत नाही आणि उपचार तेथेच अडतो.