हृदयातील रक्ताची गुठळी

झडपेच्या आजारात हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळून होणारा गोळा. तो बहुधा डाव्या अलिंदात (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात) धरतो. आपल्याकडे त्याच्या मुळाशी बहुतेकदा र्‍हुमॅटिक तापाने आकसलेली द्विदल झडप (डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधली) असते. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी घसा सुजतो, मग ताप येतो, सांधे धरतात. सांधे सुटतात, झडप मात्र वर्षानुवर्षे जाड होत जाते. तिचे ४ ते ६ चौ. सेंमी.चे तोंड दीडच्या आत आले की आजार तीव्र समजतात. रक्त मागे तुंबते, अलिंद फुगते, आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते आणि त्याच्या कानासारख्या कोपऱ्यात रक्त साकळते.

जागेवर असेतो गुठळी बहुधा जाणवतही नाही. सुटली की मेंदू, मूत्रपिंड, आतडे किंवा पायाच्या धमनीत अडकते. सोलापुरात विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. तेंदूपान कापता कापता हातातली कात्री गळून पडते, तोंड वाकडे होते. घरचे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं’, आणि तेल चोळू लागतात. इथेच घात होतो. ताबडतोब दवाखाना गाठावा, कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन चालण्याजोगे असले तरी पहिल्या साडेचार तासांतच देतात.

छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) अलिंदाचा तो कोपरा नीट दिसत नाही, म्हणून अन्ननलिकेत नळी उतरवून पाहतात. गुठळी सापडली तर ती सुटू नये म्हणून फुग्याने झडप रुंद करणे पुढे ढकलावे लागते.

उपचार म्हणजे वॉर्फरिन किंवा असिनोकुमरोलची गोळी. लोक तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. खरे तर रक्त पातळ होत नाही, गोठायला उशीर लागतो. रक्त गोठायला किती उशीर लागतो हे सांगणारा तपासणीतला आकडा, म्हणजे आयएनआर, २ ते ३ मध्ये ठेवतात, द्विदल जागी यांत्रिक (कृत्रिम) झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५. रिव्हारॉक्सॅबानसारख्या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत र्‍हुमॅटिक रुग्णांमध्ये रिव्हारॉक्सॅबानपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले.

पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध जाते. एरवी भाकरी आणि शेंगाचटणीवर भागवणारा रुग्ण येळवशीच्या (मार्गशीर्ष अमावास्येला शेतात साजऱ्या होणाऱ्या सणाच्या) दिवसांत भज्जी (पालेभाज्यांची मिश्र भाजी), हरभऱ्याचा पाला भरपूर खातो आणि आयएनआर उतरतो. भाजी सोडू नये, प्रमाण बाराही महिने सारखे राखावे.

यांत्रिक झडपेवरही गुठळी धरते. रात्रीच्या शांततेत ऐकू येणारी तिची टिकटिक मंदावली किंवा दम लागू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.