शेपटीतला बाक

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, डीएनए म्हणजे न्यूक्लिओटाइडच्या. लिपिडांची ओळख मात्र रचनेवरून नव्हे, विरघळण्यावरून ठरते. सजीवांतला जो रेणू पाण्याला दाद देत नाही, पण क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळतो, तो लिपिड. म्हणून मेण, तेल आणि कोलेस्टेरॉल ही फारसे साम्य नसलेली मंडळी एकाच पंक्तीला बसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मुळाशी मेदाम्ल असते: एका टोकाला आम्लगट आणि मागे कार्बनची लांब शेपटी.

त्या शेपटीला बाक आहे की नाही, यावर पुढचे पुष्कळसे ठरते.

18 कार्बनचे स्टिअरिक आम्ल घ्या. त्यात एकही दुहेरी बंध नाही, म्हणजे ते संपृक्त. त्याच्या सरळ शेपट्या पेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना खेटून बसतात आणि त्यांना सुटे करायला सुमारे 69 अंश सेल्सिअस तापमान लागते. आता नवव्या आणि दहाव्या कार्बनवरचा एकेक हायड्रोजन काढून तिथे दुहेरी बंध आणा; झाले ओलिक आम्ल. निसर्गात हा बंध बहुधा ‘सिस’ असतो, म्हणजे शेपटीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला येतात आणि साखळी मधोमध वाकते. द्रवणांक घसरतो 13 अंशांवर. दोन हायड्रोजन गेले, त्यांच्याबरोबर 56 अंशही गेले! दुसरा बाक आला (लिनोलिक आम्ल) की उणे 5, तिसरा आला (अल्फा-लिनोलेनिक) की उणे 11. पहिल्याच बाकाने रांग विस्कटलेली असते. पुढच्यांना मोडायला थोडेच उरते.

दुहेरी बंध तोच, पण ‘ट्रान्स’ असेल तर शेपटी जवळपास सरळच राहते. ओलिक आम्लाच्या या जुळ्या भावाचे, इलेडिक आम्लाचे, रेणुसूत्र अगदी तेच. द्रवणांक मात्र 45 अंशांच्या आसपास. तेल घट्ट करण्यासाठी निकेलच्या साक्षीने त्यात हायड्रोजन घालतात, तेव्हा गडबड इथेच होते. निकेलच्या पृष्ठभागावर बंध अर्धवट उघडतो, हायड्रोजन पुन्हा निसटतो आणि बंध परत जुळताना ट्रान्स होऊन बसतो. प्रक्रिया पूर्ण केली तर दुहेरी बंधच उरत नाहीत, त्यामुळे ट्रान्सही जवळजवळ उरत नाही. दोष अर्धवट हायड्रोजनीभवनाचा. दोन्हींना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही.

बाकाची किंमतही मोजावी लागते. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. तिथे ऑक्सिजन शिरला की साखळी-अभिक्रिया सुरू होते आणि तेल खवट होते. उजेड, उष्णता आणि लोह-तांब्याचा अंश तिला वेग देतात, तर ई जीवनसत्त्व ती साखळी तोडते.

पेशीपटलात हीच गोष्ट जीवनमरणाची होते. पटल ज्या लिपिडाचे बनते, त्या फॉस्फोलिपिडाचे डोके जलस्नेही असते आणि त्याला दोन शेपट्या असतात, बहुधा एक सरळ आणि एक बाकदार. दोन शेपट्यांमुळे रेणूचा आकार नळकांड्यासारखा होतो, म्हणून पाण्यात त्याचे सपाट दुहेरी थर बनतात. पटलाची जाडी भरते जेमतेम 4-5 नॅनोमीटर. एक शेपटी कापली तर रेणू शंकूसारखा होतो आणि साबणासारखा वागू लागतो. सापाच्या आणि मधमाशीच्या विषातले फॉस्फोलायपेज ए-2 हे विकर नेमके हेच करते: दुसरी शेपटी कापते आणि पटल खिळखिळे करते.

थरातल्या थरात हे रेणू सेकंदाला सुमारे 2 मायक्रोमीटर सरकतात. एका थरातून दुसऱ्यात उडी मारायची तर डोके तेलकट गाभ्यातून न्यावे लागते. विकरांची मदत नसेल तर त्याला तास, कधी दिवस लागतात.

थंडीत मात्र सरळ शेपट्या गोठू लागतात आणि पटलातली प्रथिने अडकून पडतात. यावर ई. कोलाय जीवाणूचा उपाय सरळ आहे: तापमान उतरले की तो बाकदार शेपट्यांचे प्रमाण वाढवतो. प्राण्यांकडे शिवाय कोलेस्टेरॉल असते. त्याच्या रेणूतली ताठ कडी (वलये) उष्णतेत शेपट्यांची वळवळ आवरतात आणि थंडीत त्यांच्यामध्ये घुसून त्यांना खेटू देत नाहीत. आर्क्टिकमधल्या कॅरिबूच्या (रेनडिअर हरणाच्या) एकाच पायात हा फरक दिसतो: वरच्या हाडातली चरबी घट्ट, तर बर्फात रुतणाऱ्या खुराजवळची, जास्त बाकांची, मऊ.