ईटॅट : बालरुग्णांची आपत्कालीन प्रतवारी

रुग्णालयात आणलेल्या मुलांपैकी कोणावर क्षणाचाही विलंब न लावता उपचार करायचे, कोणाला रांगेत पुढे घ्यायचे आणि कोण थांबू शकते, हे दाराशीच ठरवून लगेच कामाला लागण्याची जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत. ‘इमर्जन्सी ट्रायाज असेसमेंट अँड ट्रीटमेंट’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘ईटॅट’ म्हणतात. तिची प्रशिक्षण पुस्तिका २००५ साली निघाली. सुधारित मार्गदर्शक सूचना २०१६ साली आल्या. डॉक्टर, खाटा आणि यंत्रे कमी असलेल्या रुग्णालयांतही मुलांना तातडीची सेवा चांगली देता येते, ही या पद्धतीमागची भूमिका आहे.

गरीब देशांत रुग्णालयात दगावणाऱ्या मुलांपैकी पुष्कळशी दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आतच दगावतात. मुलाची प्रकृती झपाट्याने ढासळते आणि काय होते आहे ते त्याला सांगता येत नाही. ओपीडीच्या गर्दीत मोठ्याने रडणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. खरे अत्यवस्थ मूल मात्र आईच्या खांद्यावर निपचित असते आणि झोपले आहे असे समजून त्याचा नंबर येईपर्यंत थांबवले जाते. सेवेतला हा सर्वांत घातक दोष आहे, आणि तो दूर करायला महागडे काही लागत नाही.

ही पद्धत ब्रिटनमधील प्रगत बालजीवरक्षण अभ्यासक्रमाच्या धर्तीवर आफ्रिकेतील मलावी या देशात आकाराला आली. ब्लँटायर येथील क्वीन एलिझाबेथ मध्यवर्ती रुग्णालयात पाच वर्षांखालील मुलांच्या एकाच विभागात लसीकरण, साधे आजार आणि तातडीचे रुग्ण असे सगळे एकत्र येत. बालरोगतज्ज्ञ एलिझाबेथ मॉलिन्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील जागेची मांडणी, रुग्णांचा मार्ग, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि कामाची वाटणी बदलली. बदलापूर्वी १० ते १८ टक्के असलेला दाखल मुलांचा मृत्युदर नंतर ६ ते ८ टक्क्यांवर आल्याचे त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. ही आधीची आणि नंतरची तुलना आहे, त्यामुळे सगळे श्रेय प्रतवारीलाच देता येणार नाही. तरी एवढी घट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

प्रतवारीचा क्रम ठरलेला असतो. प्रथम श्वासमार्ग आणि श्वास : श्वास अडकला आहे का, मूल निळे पडले आहे का, धाप फार आहे का. मग रक्ताभिसरण. त्यासाठी आधी मुलाचा हात हातात घ्यायचा. तो उबदार असेल तर पुढे जायचे. गार असेल तर नख दाबून सोडायचे आणि गुलाबी रंग परतायला ३ सेकंदांहून अधिक लागतात का ते पाहायचे, नाडी क्षीण व जलद आहे का तेही पाहायचे. नंतर मूल शुद्धीवर आहे का आणि त्याला आकडी येते आहे का. शेवटी, जुलाब होत असतील तर शरीरातले पाणी फार कमी झाल्याची चिन्हे : सुस्ती, खोल गेलेले डोळे, चिमटीत धरलेली पोटाची कातडी अगदी सावकाश पूर्ववत होणे. सरावलेल्या माणसाला हे सारे मिनिटाच्या आत जमते. आपत्कालीन चिन्ह दिसताच तिथेच उपचार सुरू होतात : प्राणवायू, आकडीवर औषध, शिरेतून ग्लुकोज. केसपेपर नंतर काढला तरी चालतो.

आपत्कालीन चिन्ह नसले तरी दोन महिन्यांखालचे बाळ, खूप ताप, मार, विषबाधा, मोठे भाजणे, तीव्र वेदना, अतिशय फिकेपणा, दोन्ही पायांवर सूज किंवा उघड दिसणारे कुपोषण यांपैकी काही असल्यास मुलाला रांगेत पुढे घेतात. उरलेली मुले आपापल्या क्रमाने तपासली जातात. पुस्तिकेतली एक सूचना मला फार मोलाची वाटते : दारावरचा पहारेकरी, नोंदणी कारकून, सफाई कर्मचारी यांनाही आपत्कालीन चिन्हे ओळखायला शिकवावे, कारण मूल आधी त्यांच्याच नजरेस पडते.

उपचारांचा भाग मात्र काळानुसार बदलत गेला. शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडल्याची, चिन्हे दिसली की शिरेतून भराभर द्रव द्यायचा, हे दीर्घकाळ गृहीत धरलेले होते. कॅथरिन मेटलंड यांच्या नेतृत्वाखाली केनिया, युगांडा आणि टांझानियातील रुग्णालयांत झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीने त्याला धक्का दिला. तीत ताप आणि रक्ताभिसरण बिघडलेली ३,१४१ मुले होती. भराभर द्रव दिलेल्या गटांत ४८ तासांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे १०.५ टक्के, तर तसा द्रव न दिलेल्या गटात ७.३ टक्के निघाले. चाचणी मुदतीआधीच थांबवून निष्कर्ष २०११ साली जाहीर झाले. २०१६ च्या सूचनांत म्हणूनच गार हातपाय, क्षीण व जलद नाडी आणि नखाचा रंग परतायला उशीर ही तिन्ही लक्षणे असतील तरच शॉक मानला आहे. अशा वेळीही वजनाच्या दर किलोमागे १० ते २० मिलिलिटर द्रव ३० ते ६० मिनिटांत द्यायला सांगितले आहे. तीव्र कुपोषित आणि तीव्र रक्तक्षय असलेल्या मुलांसाठी वेगळे नियम आहेत. जुलाबांनी पाणी आटलेल्या मुलाला मात्र द्रव हवाच. ‘फीस्ट’मध्ये अशी मुले घेतलेली नव्हती.

भारतात ही प्रतवारी २००९ साली, रुग्णालयांसाठी तयार केलेल्या नवजात व बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात आली. ते वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांसाठी आहे. महाराष्ट्रात याचे महत्त्व ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत अधिक, कारण खेड्यातले आजारी मूल बहुधा आधी तिथे पोचते आणि बालरोगतज्ज्ञ दर वेळी हजर असतोच असे नाही.

सेवेचा दर्जा पाहताना एका प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पुरत नाही. कर्मचारी बदलतात, शिकलेले विसरते. मूल आल्यापासून पहिल्या उपचारापर्यंत किती वेळ गेला, वजन किलोत नोंदले का, बेशुद्ध मुलाची रक्तशर्करा तपासली का, प्राणवायूचा सिलिंडर भरलेला आणि लहान मुलांच्या मापाचा मास्क हाताशी होता का, रांगेत थांबलेल्या मुलांना पुन्हा पाहिले का, हे नियमित तपासावे लागते. प्रत्येक बालमृत्यूनंतर दोष कोणाचा हे न शोधता काय चुकले याची चर्चा झाली, तर कर्मचारी मोकळेपणाने बोलतात आणि पुढची सुधारणा कुठे करायची ते कळते.