‘पहिल्या तीन वर्षांत सगळं ठरतं’ हे खरं नाही

बाळाचा आईशी बंध पहिल्या दोन-तीन वर्षांत नीट जुळला नाही, तर ते जन्मभर चिंता-नैराश्यात अडकतं, असं ठासून सांगितलं जातं. या विचाराचा पाया घालणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनीच १९५१च्या अहवालात लिहिलं होतं की, अडीच वर्षांनंतर मिळालेल्या मायेचा जवळजवळ उपयोग नाही.

रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, २००० नंतर अनाथालयांतल्या १३६ बाळांवर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी बाळं सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली. साडेतीन वर्षांची होईपर्यंत त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा नव्या माणसांशी सुरक्षित बंध जुळला, म्हणजे घाबरलं की बाळ विश्वासाने त्यांच्याकडे धावू लागलं. अनाथालयातच राहिलेल्या गटात हे प्रमाण पाचांत एकापेक्षाही कमी होतं. पुढे कुटुंबांतल्या मुलींमध्ये चिंता-नैराश्यही कमी आढळलं. मुलग्यांत मात्र हा फरक दिसला नाही, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना फायदा जास्त झाला, म्हणजे उशीर नडतोच. असुरक्षित बंधाने धोका वाढतो, पण तो एकटा आजार घडवत नाही. आनुवंशिकता, गरिबी, घरातली भांडणंही असतात. आणि नोकरीवाल्या आयांना धाक कशाला? सुरक्षित बंध आजीशीही जुळतो.