चौघांच्या चार चुली : बीटल्स फुटल्यानंतरच्या पहिल्या एलपी घेण्याआधी

मागच्या दिवाळीत एक काका नागपुरात बर्डीवरच्या आमच्या रेकॉर्डच्या दुकानात जॉन लेननची 'प्लॅस्टिक ओनो बँड' ही एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, परत घेऊन आले. रेकॉर्डवर ओरखडा नव्हता, सुई उडत नव्हती. म्हणाले, "भाऊ, दोनदा ऐकली. बीटल्ससारखं काहीच वाटून नाही राहिलं." आम्ही रेकॉर्ड बदलून दिली, पण मनाला चुटपुट लागून राहिली. काकांनी बीटल्स मागितले होते आणि आम्ही कव्हरवरचं नाव पाहून लेनन हातात दिला होता. तो कोणत्या दिवसांतला लेनन आहे, हे सांगायचं काम आमचं होतं. ते राहून गेलं, म्हणून हे माहितीपत्रक.

जॉन लेनन, पॉल मकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांचा बीटल्स हा इंग्रज बँड फुटल्याची बातमी जगाला १० एप्रिल १९७० रोजी कळली. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या ज्याने जवळून पाहिल्या आहेत, त्याला पुढचं सगळं ओळखीचं वाटेल. ३१ डिसेंबर १९७० ला पॉल मकार्टनीने भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या हायकोर्टात दावा लावला आणि कागदोपत्री शेवट व्हायला १९७५ चा जानेवारी उजाडला. पण वेगळ्या चुली त्याआधीच पेटल्या होत्या. १९७० या एकाच वर्षात चौघांनीही आपापल्या नावावर एलपी काढली, रिंगोने तर दोन. या रेकॉर्ड ऐकताना बँड शोधू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. बँडमध्ये एकाचा गोडवा दुसरा कापायचा, एकाचा कडवटपणा दुसरा झाकायचा. इथे कापणारा आणि झाकणारा कोणी नाही. प्रत्येकाच्या कपाटात काय साठलं होतं, ते उघडं दिसतं.

सर्वांत भरलेलं कपाट जॉर्ज हॅरिसनचं होतं. बीटल्सच्या बहुतेक एलपींवर त्याच्या वाट्याला एखाद-दोन, फार तर तीन-चार गाणी यायची. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे शीर्षकगीत जानेवारी १९६९ मध्ये चौघांनी मिळून वाजवून पाहिलं होतं, पण ते बँडच्या एलपीवर आलं नाही. अशी साठत गेलेली गाणी त्याने नोव्हेंबर १९७० मध्ये बाहेर काढली, तेव्हा एक रेकॉर्ड पुरली नाही. तीन रेकॉर्डची पेटी झाली. त्यातल्या दोन रेकॉर्डवर गाणी आहेत आणि तिसरीवर 'ॲपल जॅम' या नावाखाली मित्रांनी स्टुडिओत जमून केलेलं वादन आहे. एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, बास गिटारवर क्लाउस फूरमन आणि ड्रमवर बऱ्याच ठिकाणी रिंगो. घर फुटलं तरी हा भाऊ त्या भावाकडे कामाला जात होता, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

या पेटीतलं 'माय स्वीट लॉर्ड' तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल, पण चांगल्या स्पीकरवर एकदा नीट ऐका. मागचा कोरस आधी 'हालेलुया' म्हणतो. मग कुठे सांधा बदलला हे कळायच्या आत तो 'हरे कृष्ण'वर आलेला असतो, आणि आणखी थोड्या वेळाने मागच्या आवाजांत 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' ऐकू येतं. शाळेत प्रार्थनेला हात जोडून म्हटलेला श्लोक लंडनच्या स्टुडिओतून येताना ऐकला की अंगावर काटा येतो. दुकानात तो क्षण आला की आम्ही गिऱ्हाइकाशी बोलणं थांबवतो. याच गाण्याने जॉर्जला कोर्टाची पायरीही चढायला लावली. १९६३ मध्ये गाजलेल्या 'ही'ज सो फाइन' या गाण्याची चाल त्याने नकळत उचलली, असा निकाल अमेरिकेतल्या न्यायालयाने १९७६ मध्ये दिला.

ही पेटी घेताना एक निवड करावी लागते. मूळ ध्वनिमुद्रणात निर्माता फिल स्पेक्टरने वाद्यांवर वाद्यं चढवून मोठा घुमारा तयार केला आहे. २००१ ची आवृत्ती निघाली तेव्हा खुद्द जॉर्जने लिहिलं होतं की, ही गाणी त्या घुमाऱ्यातून मोकळी करावीशी वाटतात. त्याच्या पश्चात २०२१ मध्ये नवं मिक्सिंग, म्हणजे गळा आणि वाद्यांच्या आवाजांची नव्याने जुळणी, झालं आणि त्यात गळा पुढे आला आहे. आमचं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा घेत असाल तर नवं मिक्स घ्या. जुन्या प्रेसिंगवर, म्हणजे त्या काळी छापलेल्या रेकॉर्डवर, जीव असेल तर पेटी उघडून तपासा. पोस्टर बहुधा गायब असतं, कोपरे फाटलेले असतात. रेकॉर्डच्या मध्यावरचं, बीटल्सच्या ॲपल कंपनीचं सफरचंद नेहमीच्या हिरव्याऐवजी नारिंगी हवं आणि तिसऱ्या रेकॉर्डच्या लेबलावर जॅमची बरणी.

आता काकांनी परत केलेली रेकॉर्ड. 'जॉन लेनन/प्लॅस्टिक ओनो बँड' ११ डिसेंबर १९७० ला आली, म्हणजे जॉर्जच्या पेटीनंतर जेमतेम दोन आठवड्यांनी. निर्मात्यांत नाव याही रेकॉर्डवर स्पेक्टरचं आहे, पण आवाज अगदी उलटा. गिटार किंवा पियानो, फूरमनचा बास, रिंगोचा ड्रम, बस. सुरुवातीला संथ केलेली चर्चची घंटा वाजते आणि 'मदर' सुरू होतं. जॉन लहान असताना वडील घर सोडून गेले, तो मावशीकडे वाढला आणि १९५८ मध्ये आई मोटारीखाली सापडून गेली. ही रेकॉर्ड केली त्या सुमारास जॉन आर्थर जानोव्ह या मानसतज्ज्ञाकडे उपचार घेत होता. दडपलेलं बालपणीचं दुःख मोठ्याने ओरडून बाहेर काढायची ती पद्धत होती. गाण्याच्या शेवटी तो जे ओरडतो, त्याचं मूळ तिथे आहे. हे माहीत नसताना ऐकलं तर कानाला त्रासच होतो. माहीत असलं की रेकॉर्ड अर्ध्यात उचलवत नाही.

'गॉड' या गाण्यात तो एकेका श्रद्धेचं नाव घेत ती नाकारत जातो आणि यादीच्या शेवटी बीटल्स येतात. 'वर्किंग क्लास हीरो'मध्ये फक्त एक गिटार आणि गळा आहे. त्यात शिवी आहे, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर ती बाजू रात्री लावा. अजून एक काळजी घ्या. जॉनची पत्नी योको ओनो हिची याच नावाची, कव्हरवर त्याच झाडाखालचा फोटो असलेली एलपी त्याच वेळी आली होती. दोन्ही कव्हरं लांबून सारखी दिसतात. जॉनच्या कव्हरवर तो योकोला टेकला आहे आणि योकोच्या कव्हरवर ती त्याला. योकोची एलपी म्हणजे आवाजाचे धाडसी प्रयोग आहेत. ती हवी म्हणून घ्या, चुकून घेऊ नका.

तुम्हाला लेननकडून चाल हवी असेल तर वर्षभर पुढे जा आणि १९७१ ची 'इमॅजिन' घ्या. त्यातल्या 'जेलस गाय'ची चाल त्याने १९६८ मध्ये, ध्यान शिकायला बीटल्स हृषीकेशला राहिले त्यानंतर, वेगळ्या शब्दांत बांधली होती.

पॉलची 'मकार्टनी' १७ एप्रिल १९७० ला आली, फुटीच्या बातमीनंतर आठवड्याने. तेव्हा तिला बरंच बोलणं बसलं, आणि ते आम्हाला आजही पटत नाही. त्याने घरी ध्वनिमुद्रणाचं चार ट्रॅकचं एक यंत्र आणून ठेवलं, मिक्सर नाही, आणि सगळी वाद्यं स्वतः वाजवली. पहिलंच 'द लव्हली लिंडा' हे यंत्र चालतं का ते पाहण्यासाठी केलेलं गाणं. त्यातला ताल कान देऊन ऐका, तो पुस्तकावर हाताने मारलेल्या थापांचा आहे. काही तुकडे अर्धवट वाटतील, ते तसेच आहेत. पण 'मेबी आय'म अमेझ्ड' या एका गाण्यासाठीही रेकॉर्ड घरात असावी. 'जंक' त्याला हृषीकेशला सुचलं होतं. पुढच्या वर्षीची 'रॅम' त्याने पत्नी लिंडासोबत केली. नव्या गिऱ्हाइकाला आम्ही बहुधा आधी तीच सुचवतो, कारण तिच्यात मेहनत आणि मजा दोन्ही दिसतात.

रिंगोची 'सेंटिमेंटल जर्नी' (मार्च १९७०) म्हणजे घरातल्या मोठ्यांच्या आवडीची जुनी गाणी. आपल्याकडे एखाद्याने आईसाठी भावगीतं गावीत, तसं. सप्टेंबरमधली 'बोकू ऑफ ब्लूज' त्याने अमेरिकेत नॅशव्हिलला जाऊन, तिथल्या कंट्री वादकांबरोबर काही दिवसांतच उरकली. दोनांतली दुसरी घ्या, रिंगोच्या साध्या गळ्याला ती गाणी शोभतात.

वर्षानुवर्षं विचारलं जातं म्हणून सांगतो. जॉर्जचं 'वंडरवॉल म्युझिक' या यादीत बसत नाही, ते १९६८ चं, बँड शाबूत असतानाचं. पण त्याचा काही भाग मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित झाला आहे. शहनाई आणि संतूरसाठी ते जरूर ऐका.

आता नागपूरच्या उन्हाबद्दल, कारण या रेकॉर्ड इथे टिकवणं हे वेगळंच काम आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचं एक पार्सल दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोत राहिलं. आतली 'रॅम' बाहेर काढली तेव्हा तिची कड वरणाच्या वाटीसारखी वर आली होती. टर्नटेबलवर लावली तर सुई दर फेऱ्याला चढायची आणि उतरायची, आणि पॉलचा गळा पाण्यातून आल्यासारखा हेलकावत होता. तेव्हापासून एप्रिल ते जून आम्ही बाहेरगावाहून रेकॉर्ड मागवत नाही. तुम्हीही इथून घेतलेली रेकॉर्ड गाडीच्या डिकीत ठेवून धरमपेठेत दुसरी कामं करत फिरू नका. आधी घरी न्या. रेकॉर्ड उभ्या ठेवा, थप्पी रचू नका आणि पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. कूलर सुरू असलेल्या खोलीत तर मुळीच नको. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ओल कागदी कव्हरला लागते आणि पावसाळ्यापर्यंत आतल्या पाकिटावर बुरशी धरते. कागदी पाकीट बदलून प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं पाकीट घातलं तर बरंच निभावतं. ती पाकिटं आमच्याकडे सुटी मिळतात.

सेकंडहँड एलपी घ्यायच्या आधी दुकानात बसून एक पूर्ण बाजू ऐका, आम्ही घाई करत नाही. रेकॉर्ड घरी नेल्यावर सात दिवसांत बदलून मिळेल. 'मला वाटलं तसं नाही निघालं' हे कारणही आम्हाला चालतं, फक्त काय वाटलं होतं ते सांगा, म्हणजे पुढची रेकॉर्ड नीट निवडता येईल. जॉर्जच्या पेटीतली तिसरी रेकॉर्ड कुणी सहसा ऐकत नाही. ती ऐकायला रविवारी सकाळी दहानंतर या, दोन्ही बाजू मिळून अर्धा तास लागतो.