बोपण्णा ४३व्या वर्षी अव्वल कसा झाला?

२७ जानेवारी २०२४ रोजी भारताचा टेनिसपटू रोहन बोपण्णा याने मॅथ्यू एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि दोन दिवसांनी तो दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिला झाला. वय ४३. इतक्या उशिरा हे शिखर गाठता आलं, यात दुहेरीच्या नियमांचा वाटा मोठा आहे.

बोपण्णा मूळचा कर्नाटकातल्या कोडगूचा. एकेरीत तो २१३व्या क्रमांकापर्यंतच पोचला, त्यामुळे जोरकस सर्व्हिसच्या बळावर त्याने दुहेरीची वाट धरली. २००६ पासून एटीपी दौऱ्यावर, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत, दुहेरीत ४०-४० झाल्यावर एकाच गुणावर गेम संपतो, आणि तो गुण कोणत्या बाजूने परतवायचा हे सर्व्हिस परतवणारी जोडी ठरवते. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे निकाल लावणारा छोटा डाव, असतो. सामना आटोपशीर होतो, गुडघे वाचतात. पण सावरायला वेळ उरत नाही. दोन ‘डबल फॉल्ट’ (एकाच गुणासाठीच्या दोन्ही सर्व्हिस चुकणं) आणि गेम हातचा जाऊ शकतो. अशा खेळात पहिली सर्व्हिस आत पडणं सोन्याच्या मोलाचं.

खरी कसोटी जोडीदाराची. गुण दोघांनी मिळून कमावले तरी क्रमवारी प्रत्येकाची वेगळी, आणि हे गुण ५२ आठवड्यांनी गळतात. स्पर्धेत थेट प्रवेश मात्र दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर; ती जितकी कमी तितकं बरं. तुमचा क्रमांक २० आणि जोडीदाराचा ६०, म्हणजे बेरीज ८०. तो जखमी झाला आणि ऐनवेळी शंभरावा खेळाडू घ्यावा लागला की १२०. शिवाय एकेरीवाल्यांना आपला एकेरीचा क्रमांकही वापरता येतो. केवळ दुहेरी खेळणाऱ्यांची जागा अशीच जाते, आणि ही तक्रार रास्त आहे.

म्हणून जोड्या सतत बदलतात. बोपण्णाने पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर २०१० मध्ये यूएस ओपनची अंतिम फेरी गाठली. तिथे ब्रायन बंधूंनी दोन्ही सेट टायब्रेकमध्ये घेतले. पुढे जोडीदार महेश भूपती, मग रोमानियाचा फ्लोरिन मर्जिया. २०१७ मध्ये गॅब्रिएला डाब्रोव्स्कीसह फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकताना या जोडीने दोन मॅच पॉइंट (पराभवाला एकच गुण बाकी असलेले क्षण) वाचवले होते.

गुडघ्यांतली कूर्चा झिजल्याने चालणंही दुखत होतं. २०२० च्या टाळेबंदीत त्याने अय्यंगार योग सुरू केला. पुण्यात रुजलेल्या या पद्धतीत दोरी, पट्टे, ठोकळे यांच्या आधाराने आसन बराच वेळ स्थिर धरतात; मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार हलका होतो. वेदनाशामक गोळ्यांवरचं अवलंबित्व त्यामुळे सुटलं, असं तो सांगत आला आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेसोबत त्याने मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं, तेही पहिला सेट गमावून.

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. अखेरचा सामना पॅरिसला, अलेक्झांडर बुब्लिकसोबत. निकाल लागला दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये, ८-१० असा त्यांच्या विरोधात.